कॉइलवरची काजळी

ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकून द्यायच्या व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, विक्री बंद झाली. त्याआधी तिथे अशी किती उपकरणे कचऱ्यात जात होती, याचा अंदाज २०२३ साली ‘मटेरियल फोकस’ या संस्थेने दिला होता : दर आठवड्याला सुमारे ५० लाख. आता दुकानात मिळते ते पुन्हा भरायचे आणि पुन्हा चार्ज करायचे उपकरण. त्याला टाकी असते, टाकीत कॉइल असते, आणि या दोन्हींची निगा वापरणाऱ्यालाच राखावी लागते. संपले की फेकले, हा व्यवहार मागे पडला.

मराठी मासिकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. भारतात तर व्हेपवर २०१९ पासून बंदीच आहे. पण रत्नागिरी, रायगड या भागांतली आपली कितीतरी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून ब्रिटनमध्ये राहतात, कितीतरी मुले आखातात नोकरीला आहेत. तिथे हे उपकरण कायद्याने मिळते आणि घराघरांत पोहोचले आहे. कुणाच्या अब्बांनी तीस वर्षांची सिगारेट सोडण्यासाठी ते घेतले आहे, तर कुणाच्या कॉलेजला जाणाऱ्या मुलाने मित्राच्या नादाने. सुट्टीवर गावी येताना बॅगेत तेही येते आणि मग वेगळाच घोर लागतो. घरात असलेल्या वस्तूची माहिती घरातल्या मोठ्यांना असलेली बरी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जो सिगारेट ओढत नाही, त्याने व्हेपला हात लावू नये. पुढची माहिती आहे ती ज्या देशात हे कायदेशीर आहे तिथे, सिगारेट सोडण्यासाठी ते वापरणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी.

कंदिलाच्या वातीसारखे

व्हेपचे काम समजायला अवघड नाही. ज्यांनी कंदील किंवा वातीचा स्टोव्ह वापरला आहे, त्यांना ते लगेच कळेल. खाली बॅटरी, वर छोटी टाकी. टाकीत द्रव भरलेला. मधोमध एक बोटाच्या पेराएवढी नळकांडी. तिच्यात तारेचे वेटोळे किंवा बारीक जाळी, आणि तिच्याभोवती कापूस. हीच कॉइल. कापूस वातीसारखा द्रव शोषतो, बटण दाबले किंवा झुरका घेतला की तार तापते, कापसातल्या द्रवाची वाफ होते आणि ती तोंडात येते. धूर म्हणतात, पण इथे काही जळत नाही. निदान जळू नये अशी अपेक्षा असते.

द्रवात चार गोष्टी असतात : प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटिन. ब्रिटनमध्ये निकोटिनची मर्यादा एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे. निकोटिन असलेली बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी विकता येत नाही आणि टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नसते.

आजच्या व्हेपचे श्रेय होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाला दिले जाते. २००३ साली त्यांनी हे उपकरण तयार केले. ते स्वतः सिगारेट ओढत आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. सिगारेटचा खरा घात तंबाखू जळण्यात आहे. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातूनच येतात. जाळण्याऐवजी वाफ केली तर हे दोन्ही टळतील, हा त्यामागचा विचार.

आता कंदिलाचे एक आठवा. रॉकेल असते तोवर वात टिकते, कारण जळते ते रॉकेल. रॉकेल संपले की वातच करपायला लागते, काजळी धरते, घरभर उग्र वास सुटतो. व्हेपच्या कॉइलचे नेमके हेच होते. कापूस ओला असेपर्यंत वाफ निघते. तो कोरडा पडला की कापूस जळतो, तापलेल्या द्रवाचे विघटन होते, आणि जे टाळण्यासाठी सिगारेट सोडली त्यातलेच काही पुन्हा छातीत जाते. म्हणून कॉइलची निगा हा नुसता चवीचा किंवा टापटिपीचा प्रश्न नाही.

थर कशाचा साचतो?

जुनी कॉइल काढून पाहिली तर कापूस तपकिरी-काळा झालेला दिसतो आणि तारेवर डांबरासारखा कडक थर बसलेला असतो. दुधाच्या पातेल्याला तळाशी जशी साय करपून चिकटते, तसा. द्रवातले ग्लिसरीन आणि स्वाद पुन्हा पुन्हा तापून तो तयार होतो. गोड स्वादांत हा थर लवकर धरतो, कारण त्यांत बऱ्याचदा सुक्रालोजसारखे गोडवा देणारे पदार्थ असतात. आंबा, कस्टर्ड, चॉकलेट असे स्वाद वापरणाऱ्याची कॉइल आठवड्यातच जाते. साधा पुदिना किंवा तंबाखूचा स्वाद वापरणाऱ्याची दोन आठवडे किंवा जास्तही चालते.

थर बसला की तार सगळीकडे सारखी तापत नाही. वाफ कमी येते, म्हणून माणूस पॉवर वाढवतो. पॉवर वाढली की थर आणखी करपतो. हे दुष्टचक्र आहे.

त्याचा शरीराशी संबंध काय, हे दोन अभ्यासांतून दिसते. जानेवारी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकी संशोधकांचे एक पत्र छापून आले. ३.३ व्होल्टवर चालवलेल्या उपकरणाच्या वाफेत त्यांना फॉर्मल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळली नाहीत. तेच उपकरण ५ व्होल्टवर चालवल्यावर मात्र ती आढळली. फॉर्मल्डिहाइड कर्करोगाला कारण ठरणारे रसायन आहे. या प्रयोगावर टीकाही झाली. इतक्या जास्त तापवलेल्या कॉइलची चव इतकी जळकट असते की कोणी ती ओढणारच नाही, असे काही शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. दोन्ही बाजू मिळून आपल्यासाठी धडा एकच निघतो : जळकट चव आली की थांबायचे.

दुसरा अभ्यास २०१८ सालचा, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा. बाल्टिमोर परिसरातल्या ५६ जणांची रोजच्या वापरातली उपकरणे त्यांनी तपासली. बाटलीतल्या द्रवात धातूंचे प्रमाण कमी होते. पण टाकीत कॉइलला लागून राहिलेल्या द्रवात आणि वाफेत शिसे, निकेल, क्रोमियम, जस्त असे धातू बरेच जास्त होते. म्हणजे धातू येतो तो बराचसा कॉइलकडून. टाकीत द्रव दिवसेंदिवस साचू देऊ नये, हे यातून शिकण्यासारखे आहे.

टाकी कशी धुवावी

आठवड्यातून एकदा, किंवा स्वाद बदलताना, किंवा नवी कॉइल घालताना टाकी धुवावी. काम पंधरा मिनिटांचे आहे.

आधी उपकरण बंद करावे आणि टाकी बॅटरीपासून फिरवून वेगळी करावी. बॅटरीच्या भागाला पाणी लागता कामा नये. उरलेला द्रव एका कागदी रुमालात टिपून घ्यावा. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये, जिथे आपण भाजी आणि तांदूळ धुतो तिथे, तो ओतू नये. हातमोजे असतील तर घालावेत. निकोटिन त्वचेतूनही शरीरात जाते, म्हणून द्रव हाताला लागला तर लगेच साबणाने धुवावा.

मग टाकीचे भाग सुटे करावेत : तोंडाची नळी, वरचे झाकण, काच, खालचा तळ, आणि कॉइल. रबराच्या बारीक काळ्या किंवा पारदर्शक कड्या असतात, त्या कुठल्या खाचेतून निघाल्या ते लक्षात ठेवावे. फोनवर एक फोटो काढून ठेवला तर उत्तम. सिंकच्या भोकातून त्या वाहून गेल्या की टाकी निकामी होते, म्हणून सगळे एका वाडग्यात ठेवून धुवावे.

कॉइल बाजूला ठेवून बाकीचे भाग कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावेत. उकळते पाणी घेऊ नये. काच तडकते आणि रबर सैल पडते. फार चिकट झाले असेल तर भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब चालेल, पण त्यानंतर वाहत्या पाण्याखाली तीन-चार वेळा खळबळून घ्यावे. साबणाचा अंश राहिला तर तो तापून छातीतच जाणार आहे. ब्लीच किंवा फरशी पुसायचे द्रव अजिबात वापरू नयेत. हवेच्या बारीक भोकांत आणि मधल्या नळीत अडकलेला चिकटा कापसाच्या काडीने काढावा.

नंतर स्वच्छ कापडाने पुसून सगळे भाग उघड्या हवेत पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. रात्री धुऊन सकाळी जोडणे सर्वांत सोयीचे. पाण्याचा थेंब आत राहिला तर पहिल्याच झुरक्याला तडतड होते आणि गरम शिंतोडा तोंडात येतो.

जोडताना रबराच्या कड्या नीट बसल्या की नाही ते पाहावे. टाकी गळण्याचे नेहमीचे कारण हेच असते : कडी पिळलेली, चिरलेली किंवा विसरलेली. बॅटरीवर जिथे टाकी फिरवून बसते, तिथल्या आट्यांत आणि मधल्या टिकलीवरही द्रव साचतो. तो कोरड्या कापसाच्या काडीने टिपून घ्यावा. उपकरण मधूनच बंद पडते किंवा कॉइल ओळखत नाही, तेव्हा बहुतेक वेळा दोष या चिकट्याचा असतो.

टाकी प्लॅस्टिकची असेल तर लिंबूवर्गीय आणि दालचिनीच्या स्वादांपासून जपावे. काही प्लॅस्टिकला त्यांनी तडे जातात. काचेच्या टाकीला तो त्रास नाही.

तोंडाची नळी मात्र रोज पुसावी आणि आपले उपकरण दुसऱ्याला देऊ नये. “एक झुरका दे,” म्हणत हातोहात फिरणारा व्हेप सर्दी-खोकल्यापासून टीबीपर्यंत काहीही पसरवू शकतो. हुक्क्याच्या बैठकीत जे होते, तेच.

कॉइल धुवायची की बदलायची?

कॉइल महाग वाटते, म्हणून ती धुऊन पुन्हा वापरायचा मोह होतो. इंटरनेटवर तऱ्हेतऱ्हेचे उपाय सापडतात. कोणी व्हिनेगरमध्ये भिजवायला सांगतो, तर कोणी थेट व्होडकात रात्रभर बुडवायला. आपल्या घरात व्होडकाचा प्रश्न उद्भवत नाही. पण स्पिरिटचा उद्भवू शकतो, म्हणून कारण सांगतो. मद्यार्क थोडा चिकटा सोडवतो हे खरे. पण जळलेला कापूस कशानेही पुन्हा पांढरा होत नाही. शिवाय मद्यार्क ज्वालाग्राही आहे. कापसात तो राहिला आणि तार तापली तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. कारखान्यात तयार झालेली, कापूस आत बंद असलेली कॉइल धुऊन फार तर दोन-तीन दिवस जास्त मिळतात. तेवढ्यासाठी छातीशी खेळू नये. ती बदलावी.

काही शौकीन स्वतः तार गुंडाळून आणि कापूस घालून कॉइल बांधतात. ते कापूस काढून तार लालबुंद तापवतात आणि थर जाळून टाकतात. यात तारेच्या धातूचा पृष्ठभाग बदलतो. टायटॅनियमच्या तारेबाबत तर हे करायचेच नसते. सिगारेट सोडण्यासाठी व्हेप घेतलेल्या माणसाने या भानगडीत पडण्याचे कारण नाही.

कॉइल बदलायची वेळ झाली हे ओळखण्याच्या चार खुणा : चव जळकट किंवा बुरसट लागते, वाफ कमी येते, टाकी गळते किंवा गुरगुर आवाज येतो, नवा द्रव भरला तरी तासाभरात काळपट दिसतो. यातली एक जरी खूण दिसली तरी बदलावी. साधारण एक ते दोन आठवडे हे तिचे आयुष्य.

नवी कॉइल घालताना घाई केली तर ती पहिल्याच मिनिटात जळते. कापसाच्या दिसणाऱ्या भोकांवर द्रवाचे तीन-चार थेंब टाकावेत, कॉइल बसवावी, टाकी भरावी आणि दहा मिनिटे तशीच उभी ठेवावी. कापूस आतपर्यंत भिजू द्यावा. पहिले काही झुरके कमी पॉवरवर घ्यावेत. कॉइलवर किती वॉट ते छापलेले असते. त्यातल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात करावी आणि वरचा आकडा ओलांडू नये.

द्रवही कॉइलला साजेसा हवा. ज्या द्रवात ग्लिसरीन ७० टक्के किंवा जास्त असते तो घट्ट असतो. तो बारीक भोकांच्या छोट्या कॉइलमध्ये पुरेसा झिरपत नाही, कापूस कोरडा पडतो आणि नवी कॉइलही करपते. छोट्या उपकरणात निम्मे-निम्मे मिश्रण चालते. घट्ट द्रव मोठ्या भोकांच्या, जास्त पॉवरच्या कॉइलसाठी. टाकी तळाला जाईपर्यंत थांबू नये, आणि एकामागून एक झुरके ओढू नयेत. दोन झुरक्यांत कापसाला पुन्हा भिजायला वेळ लागतो.

जुनी कॉइल आणि खराब झालेले उपकरण घरच्या कचऱ्यात टाकू नये. ब्रिटनमध्ये व्हेप विकणाऱ्या दुकानांना जुनी उपकरणे परत घ्यावी लागतात. तिथेच द्यावीत.

रमजान आणि व्हेप

रोज्यात सिगारेट जशी चालत नाही, तसाच व्हेपही चालत नाही. वाफ आहे, धूर नाही, हा युक्तिवाद इथे टिकत नाही. तोंडावाटे मुद्दाम आत घेतलेला पदार्थ तो पदार्थच.

एरवीच्या दिवसांबद्दल उलेमांत मतभेद आहेत. कोणी तंबाखूला मक्रूह म्हणतात, कोणी स्पष्ट हराम. व्हेपबद्दलही असेच. ज्याला सिगारेट सोडायची आहे त्याने काही काळ उपचार म्हणून वापरण्याचा प्रश्न वेगळा आणि शौक म्हणून ओढण्याचा वेगळा, असेही विचारले जाते. आपापल्या आलिमांकडून त्याचे उत्तर घ्यावे. विचारताना दोन गोष्टी सांगाव्यात. बाटलीवर ‘वनस्पतिजन्य ग्लिसरीन’ लिहिले आहे का, आणि स्वाद मद्यार्कात विरघळवलेला आहे का. काही स्वादांत तो असतो. लेबलवर घटकांची यादी असते, ती वाचावी.

रमजानमध्ये उपकरणाचे हालही वेगळे होतात. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात रोजा १८ तासांच्याही वर जातो. इतका वेळ पडून राहिलेल्या टाकीतला द्रव कॉइलमधून खाली पाझरतो आणि निकोटिन हवेने काळपटते. इफ्तारनंतर दिवसभराची तलफ भागवायला माणूस सलग दहा-पंधरा झुरके ओढतो. कॉइल तिथेच करपते, आणि उपाशी पोटावर एवढे निकोटिन गेल्याने चक्कर, मळमळ, धडधड होते. खजूर आणि पाण्यावर रोजा सोडावा, मगरीब पढावी, जेवावे. तोवर तलफेचा जोर बराच ओसरलेला असतो.

खरे तर रमजान ही सोडण्याचीच संधी आहे. जो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत निकोटिनशिवाय राहू शकतो, त्याने अर्धे अंतर कापलेले आहे. निकोटिनच्या पट्टीबद्दल नेहमी प्रश्न येतो. जेद्दा येथे १९९७ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनात, त्वचेतून शोषली जाणारी मलमे आणि औषधी पट्ट्या यांनी रोजा तुटत नाही, असा ठराव झाला होता. निकोटिनच्या पट्टीला तो लागू होतो का, हे मात्र आपल्या आलिमांना विचारूनच ठरवावे. च्युइंगम चघळल्याने रोजा राहत नाही हे उघड आहे.

घरात लहान मूल असेल तर

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. निकोटिन हे विष आहे. प्रौढ माणसाच्या तलफेपुरते ते थोडेथोडे जाते. लहान मुलाच्या पोटात एकदम गेले तर उलट्या, घाम, धडधड, झटके येऊ शकतात. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात एका वर्षाच्या बाळाचा निकोटिनच्या द्रवाने मृत्यू झाला. त्यानंतर, जानेवारी २०१६ मध्ये तिथे निकोटिनच्या बाटल्यांना मुलांना उघडता न येणारी झाकणे सक्तीची करणारा कायदा झाला.

बाटल्या रंगीत असतात, वास आंब्याचा किंवा स्ट्रॉबेरीचा. मुलाला ते सरबत वाटणारच. द्रव आणि सुटे भाग कुलपात ठेवावेत. औषधाच्या कपाटात, डोळ्यांच्या थेंबांशेजारी तर मुळीच ठेवू नयेत. टाकी धुताना मुले जवळ नसावीत आणि वाडगा, रुमाल, कापसाच्या काड्या लगेच उचलाव्यात. मुलाने द्रव गिळला अशी शंका जरी आली, तरी उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये. ब्रिटनमध्ये ९९९ ला, भारतात १०८ ला फोन करावा आणि बाटली सोबत न्यावी.

बॅटरीचेही जपावे. लिथियमची सुटी बॅटरी खिशात किल्ल्या किंवा नाण्यांसोबत ठेवली तर शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. तिला प्लॅस्टिकची डबी असते, ती वापरावी. वेष्टन फाटलेली बॅटरी वापरू नये. चार्जिंग उपकरणासोबत आलेल्या केबलनेच करावे, आणि उशीखाली किंवा गादीवर लावून झोपू नये.

गावी येताना

सुट्टीवर भारतात येणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी भारत सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणून उपकरण, द्रव, कॉइल यांतले काहीही बॅगेत घालू नये. “माझ्यापुरतेच आहे,” हे कारण विमानतळावर पुढे करण्याची वेळ आणू नये, आणि चुलतभावांसाठी ‘गिफ्ट’ म्हणून तर कधीच आणू नये. कतार आणि ओमानमध्येही बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून विक्रीला परवानगी आहे. दुबईत चालते म्हणून दोहात चालेल, असे समजून निघालेला माणूस अडकतो.

भारतात चोरून मिळणारे व्हेप आणखी घातक. त्यात काय भरले आहे याचा पत्ता नसतो. २०१९ साली अमेरिकेत अशाच बेकायदा, गांजाचा अर्क भरलेल्या व्हेपमुळे फुप्फुसे निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात दाखल झाले आणि ६८ जणांचा मृत्यू झाला. त्या अर्कात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्याचे मुख्य कारण ठरले.

मुलाच्या बॅगेत सापडले, तर?

अम्मीच्या हाती मुलाचा व्हेप लागला की घरात आधी आरडाओरडा होतो. त्याआधी एक प्रश्न शांतपणे विचारावा : “सिगारेट सोडायला घेतलंस की नुसतंच?” उत्तरावर पुढची वाट ठरते.

तो आधी सिगारेट ओढत असेल आणि आता फक्त व्हेप ओढत असेल, तर त्याने धोका कमी केला आहे. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस हेच सांगते : सिगारेटपेक्षा व्हेपने हानी कमी, पण ते निर्धोक नाही, आणि न ओढणाऱ्यांसाठी व मुलांसाठी नाहीच. अशा मुलाला उपकरण हिसकावून घेतले तर तो परत सिगारेटकडे जाईल. त्याच्याशी ठरवावे की कॉइल वेळेवर बदलायची, टाकी स्वच्छ ठेवायची आणि निकोटिन उतरवत जायचे. २० वरून १२, मग ६, मग ३, मग शून्य. प्रत्येक पायरीवर काही आठवडे थांबावे. तलफ अनावर झाली तर घाई करू नये. शून्यावर आले की उपकरणच बंद.

तो कधीच सिगारेट ओढत नव्हता आणि मित्रांमुळे लागला असेल, तर त्याच्यासाठी टाकी धुण्याची पद्धत उपयोगाची नाही. त्याच्यापुढे जुनी कॉइल कापून ठेवावी. कापसाचा रंग आणि तारेवरचा थर त्याने बघावा. दोन आठवड्यांपूर्वी हा कापूस पांढराशुभ्र होता, एवढे सांगितले तरी पुरे. व्याख्यानापेक्षा ते जास्त बोलते. मग सोडण्यासाठी मदत घ्यावी. इंग्लंडमध्ये ०३०० १२३ १०४४ ही मोफत सल्ला देणारी हेल्पलाइन आहे. भारतात तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी १८०० ११२ ३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन आहे. गुटखा, मिसरी, विडी सोडण्यासाठीही तिथे मार्गदर्शन मिळते.

कॉइल बदलता येते. आठवडा-दोन आठवड्यांनी नवी आणायची, जुनी टाकून द्यायची. फुप्फुसांना अशी सोय नाही. वापरणाऱ्याने टाकी कितीही लख्ख ठेवली, तरी ती एक दिवस रिकामी करून पुन्हा न भरण्यासाठीच ठेवायची आहे.